दुखणं हल्याला, डाग पखालीला

थोडं मोठं लिहिलंय. वेळ असेल तेव्हा वाचा. पण अर्धवट वाचून शेअर करू नका, ही विनंती.

मागच्या रविवारी आईला घेऊन आमच्या गावातल्या एका मंगल कार्यालयात गेलो होतो. लग्न नव्हतं. बाहेर फ्लेक्स लागला होता : 'मोक्सा थेरपी शिबिर. गुडघेदुखी, कंबरदुखी, मानेचा त्रास, गॅस, अपचन, जुनी सर्दी, झोप न येणे. औषध नाही, सुई नाही, साईड इफेक्ट नाही.' खाली फी, दोनशे रुपये. आईचे गुडघे सात-आठ वर्षांपासून दुखतात. शेजारच्या काकूंना म्हणे पहिल्याच दिवशी फरक पडला. मी वीस वर्षं बातम्या लिहितो, असे फ्लेक्स कसे बनतात ते मला माहीत आहे. पण घरात मी पत्रकार नसतो, मुलगा असतो. गेलो.

आत सतरंज्या टाकलेल्या, पंधरा-वीस माणसं पाय पसरून बसलेली, आणि हॉलभर धूर. वास विडीचा नाही, उदबत्तीचाही नाही. सुकलेला पाला जाळल्यासारखा, पण गोडसर. एक पंचविशीतली मुलगी आईजवळ आली, "आजी, साडी जरा वर घ्या" म्हणाली, आणि अंगठ्याएवढ्या जाड सिगारसारखी एक कांडी पेटवून तिचं लाल टोक गुडघ्यापासून दोनेक बोटं वर धरून गोल गोल फिरवू लागली. टेकवत नव्हती, नुसती ऊब देत होती. दहा मिनिटं एक गुडघा, दहा मिनिटं दुसरा.

मी विचारलं, "ताई, शुगर वगैरे विचारत नाही का तुम्ही?"

"नाही सर, याला काहीच साईड इफेक्ट नाही."

आईला बारा वर्षांपासून साखर आहे. तळपायाला कधीकधी चप्पल निघून गेली तरी तिला कळत नाही. अशा माणसाच्या पायाजवळ निखारा धरायचा तर 'गरम लागलं की सांगा' या सूचनेवर विसंबता येत नाही, कारण त्याला गरम लागतच नाही. मधुमेहात पायाची जखम किती महागात पडते हे ज्यांच्या घरात झालंय त्यांना सांगायला नको. मी कांडी गुडघ्यावरच ठेवा, खाली पावलाकडे नेऊ नका, एवढंच सांगितलं. मुलगी जरा नाराज झाली.

आई मात्र खूश. "बरं वाटून रायलं," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पन हा तं शेकच होय ना रे? आपन रुईचं पान गरम करून बांधतो तसाच. त्याचे दोनशे रुपये?"

बाईने एका वाक्यात विषय संपवला. पण मला संपवता येईना. घरी येऊन दोन रात्री वाचत बसलो.

तर ही मोक्सा म्हणजे काय. चीनमध्ये, जपानमध्ये, कोरियात ही फार जुनी गोष्ट आहे. आपण 'ॲक्युपंक्चर' म्हणतो त्याला चिनी भाषेत जो शब्द आहे, झेन्-ज्यू, त्यातला अर्धा भाग सुईचा आणि अर्धा या जाळण्याचा. सुई जगभर गाजली, आग मागे राहिली. खरं तर आग सुईच्या आधीची असावी असं मानायला जागा आहे. 1973 मध्ये चीनच्या हुनान प्रांतात मावांगदुई इथे एका जुन्या थडग्यातून रेशमावर लिहिलेले वैद्यकाचे मजकूर निघाले. ते थडगं इसवी सनापूर्वी 168 मधलं. त्यात शरीरातल्या वाहिन्यांवर शेक-डाग द्यायचं वर्णन आहे, सुईचं नाव नाही. 2010 मध्ये युनेस्कोने ॲक्युपंक्चर आणि मोक्सा दोन्ही मिळून मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. जपानमध्ये तर सुईवाल्याचा परवाना वेगळा आणि मोक्सावाल्याचा वेगळा, दोन्हींची सरकारी परीक्षा.

कांडीत भरतात तो पाला आर्टेमिसिया कुळातला. चीनच्या हुबेई प्रांतातल्या छीचुन भागातला सगळ्यात नावाजलेला. पाला सुकवायचा, कुटायचा, चाळायचा, परत कुटायचा, शेवटी हातात कापसासारखी मऊ लव उरते. जपानीत तिला मोगुसा म्हणतात, त्यावरून मोक्सा. आणि हे कूळ आपल्याला अगदीच परकं नाही. जोतिबाला चैत्रात वाहतात तो दवणा याच कुळातला. वास ओळखीचा का वाटत होता ते मला तेव्हा कळलं.

आता मूळ मुद्दा. मोक्साचे दोन प्रकार. एक, आईने घेतला तो, कातडीपासून लांब धरलेला. किंवा मधे आल्याची चकती ठेवून वर लव जाळायची. दुसरा प्रकार म्हणजे लवेचा तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहून मोठा शंकू थेट अंगावर ठेवून पेटवायचा आणि जळू द्यायचा. फोड येतो, व्रण राहतो. जुन्या चिनी वैद्यांमध्ये असा समज होता की फोड आला, पिकला, तरच गुण येतो. जपानी भाषेत 'एखाद्याला मोक्सा लावणे' म्हणजे त्याला चांगला धडा शिकवणे. आपण 'डागण्या देणे' म्हणतो, तसंच काहीसं. म्हणजे ते लोकही एकेकाळी हेच सोसत होते. आज तिथल्या दवाखान्यांत बहुतेक पहिलाच प्रकार चालतो. आगीपासून ऊब तेवढी ठेवली, जाळणं मागे पडत गेलं.

गुण येतो का? उबेने दुखऱ्या गुडघ्याला बरं वाटतं, त्यात कोणाचं दुमत नाही. त्यापुढचं सिद्ध करायला अवघड आहे, कारण औषधाच्या चाचणीत अर्ध्या लोकांना खोटी गोळी देता येते, खोटी ऊब कशी देणार? ज्याला चटका लागला त्याला कळतंच. सगळ्यात गाजलेला अभ्यास 1998 मध्ये एका मोठ्या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात आला. चीनच्या ज्यांगशी प्रांतातल्या 260 गरोदर बायका, सगळ्यांची बाळं पोटात पायाळू. त्यातल्या निम्म्या जणींच्या पायाच्या करंगळीच्या नखाजवळ मोक्साची ऊब दिली. 35 व्या आठवड्यात त्यांच्यातल्या 130 पैकी 98 बाळांची डोकी खाली आली होती, ऊब न दिलेल्या 130 जणींत 62. आकडा मोठा आहे. पुढे स्वित्झर्लंडमध्ये तोच प्रयोग 200 हून जास्त बायकांवर केला तर काहीच फरक दिसला नाही. अजून वाद चालू आहे. (आपल्याकडे पायाळू माणसाची लाथ बसली की कंबरेची उसण जाते म्हणतात. त्यावर अजून कोणी चाचणी केलेली नाही. करा कोणीतरी.)

पण गॅस, अपचन, सर्दी, झोप, सगळ्यावर एकच कांडी, आणि तीही कसलीही विचारपूस न करता? हे काही पटण्यासारखं नाही. महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आहे, 2015 च्या नावाचा. त्याखाली परिषद आहे, नोंदणी आहे. केंद्रानेही 2019 मध्ये या पद्धतीला मान्यता दिली. म्हणजे मोक्सा करणाऱ्याला 'नोंदणी क्रमांक काय?' हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. मी त्या शिबिरात विचारलं. भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट दाखवलं गेलं. तीन दिवसांच्या कार्यशाळेत भाग घेतल्याचं प्रमाणपत्र होतं.

इथपर्यंत असतं तर एक चारशे शब्दांची बातमी झाली असती आणि मी मोकळा झालो असतो.

शिबिरातून आल्यावर संध्याकाळी आई ओसरीवर बसली होती. मी तिला हे सगळं सांगत होतो, तो अंगावर जाळायचा प्रकार, फोड, व्रण. ती म्हणाली, "मंग तुलेही तं दिला होता."

"काय दिला होता?"

"डाग. बेंबीपाशी."

माझ्या बेंबीभोवती चार खुणा आहेत. दोन वर, दोन खाली, तुरीच्या दाण्याएवढ्या, आता पांढुरक्या पडलेल्या. मला आयुष्यभर सांगितलं गेलं की मी रांगताना शेगडीजवळ गेलो आणि निखारे उडाले. सेहेचाळीस वर्षं मी हेच खरं मानत होतो. लग्नानंतर बायकोलाही हेच सांगितलं.

आईने सांगितलं ते असं. मी तीन महिन्यांचा होतो. पावसाळा. दोन दिवस अंग तापलं, दूध पिईना, पोट फुगलं आणि 'उडायला' लागलं. आमच्या भागात असंच म्हणतात, पोट उडून रायलं. वडील बाहेरगावी. नाल्याला पूर, सरकारी दवाखाना पलीकडे. आजीने पलीकडच्या आळीतल्या एका म्हातारीला बोलावलं. तिने विळ्याचं टोक चुलीत तापवलं.

"तू धरलं होतं का मले?"

"मी नाई. तुही आजी. मी आतमंदी कान दाबून बसली होती."

मग जराशाने, "सकाळी नाला उतरला. तुहे बाबा आले, अन् तुले दवाखान्यात नेलं. चार दिवस सुया दिल्या. डाक्टर लय बोलला आजीले. पन आजी मरेपर्यंत म्हने, म्या वाचवलं."

म्हणजे मी वाचलो इंजेक्शनने. श्रेय गेलं विळ्याला.

आता हे इथे का लिहितोय, ते सांगतो. माझ्या बातमीदारीचा अर्धा काळ मेळघाटात गेला. आमच्या गावाहून घाट चढला की लागतो तो. धारणी आणि चिखलदरा, दोन तालुके, बहुतांश कोरकू वस्ती. नव्वदच्या दशकापासून कुपोषणामुळे देशभर नाव गेलं. तिथे बाळाचं पोट फुगलं की गरम विळ्याने पोटावर चटके द्यायची जुनी रीत आहे, तिला डंबा म्हणतात. देणारा कधी गावातला भूमका, कधी घरातलीच म्हातारी. फेब्रुवारी 2025 मध्ये चिखलदरा तालुक्यात 22 दिवसांच्या बाळाच्या पोटावर 65 चटके दिल्याची बातमी तुम्ही वाचली असेल, राज्यभर गाजली. त्याच्या दोन वर्षं आधी मध्य प्रदेशात शहडोलला तीन महिन्यांच्या मुलीला 51 डाग दिले होते, ती गेली. ओडिशात नबरंगपूर, राजस्थानात भिलवाडा, सगळीकडे हेच, नावं वेगळी. दर वेळी बातमीत तीन शब्द नक्की असतात : अघोरी, अंधश्रद्धा, आदिवासी.

मीही ते तीन शब्द वापरले आहेत. किती वेळा, मोजलं नाही.

एक बातमी मात्र लक्षात आहे. सात-आठ वर्षं झाली. दवाखान्यातल्या एका ओळखीच्या माणसाने फोन केला, "डंब्याची केस आली आहे, लवकर या." गेलो. महिन्याभराचं बाळ, पोटावर रांगेत काळे डाग. आईची परवानगी कोणी विचारली नाही, मीही नाही. फोटो काढला. मथळा दिला, 'अघोरी उपचाराने चिमुकल्याचा जीव धोक्यात'. गावाचं नाव छापलं, आजीने चटके दिले हेही छापलं. जिल्हा आवृत्तीत पहिलं पान मिळालं. दुसऱ्या दिवशी गावात पोलीस गेले, आजीवर गुन्हा दाखल झाला. बाळ वाचलं. संपादकांचा फोन आला, शाब्बास म्हणाले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दोनेक वर्षांनी त्याच भागात दुसऱ्या कामाने गेलो होतो. तिथली आशाताई ओळखीची. चहा देताना म्हणाली, "भाऊ, तुमच्या बातमीनं डंबा नाई थांबला. लेकरं दवाखान्यात यायचं थांबले."

मी म्हटलं, म्हणजे?

ती म्हणाली, डाग दिसले की पोलीस येतात, हे आता सगळ्या पाड्यांवर माहीत झालंय. म्हणून डंबा दिलेलं लेकरू खपली पडेपर्यंत घरातच ठेवतात. एक असंच सहा दिवस ठेवलं. सातव्या दिवशी गाडी बोलावली, घाटातच गेलं.

त्या बाळाच्या मरणाचा आणि माझ्या बातमीचा थेट संबंध आहे, असा पुरावा माझ्याकडे नाही. नाही, असाही नाही. आशाताईने आरोपही केला नव्हता, नुसतं सांगितलं, आणि 'साखर कमी पडली का' विचारलं. मी ते कुठे लिहिलं नाही. आज लिहितोय.

मग हे थांबवायचंच नाही का? थांबवायलाच हवं. महिन्याच्या लेकराची कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. भाजली की अंगातलं पाणी जातं, जखमेतून जंतू रक्तात जातात, आणि आधीच आजारी बाळाला ते झेपत नाही. परंपरा आहे म्हणून सोडून द्या म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. आणि परंपरेचंच बोलायचं तर सुश्रुतसंहितेत अग्निकर्माचा आख्खा अध्याय आहे, सूत्रस्थानातला बारावा. कशाने डागायचं, कुठे, कोणत्या आकाराचा डाग, कोणत्या ऋतूत नाही, सगळं दिलंय. आणि कोणाला डागायचं नाही, त्या यादीत बालक आहे, म्हातारा आहे, दुबळा आहे, घाबरट आहे. म्हणजे डाग देण्याचं शास्त्र लिहिणाऱ्यानेच लेकराला हात लावू नका म्हणून ठेवलंय. 'आपलं प्राचीन विज्ञान' म्हणून व्हॉट्सॲपवर फिरवणाऱ्यांनी हेही फिरवावं.

कायद्याचं म्हणाल, तर डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर 2013 मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरवण्याच्या नावाखाली तापलेल्या वस्तूंचे चटके देणं हा गुन्हा आहे. हवाच होता तो कायदा. पण माझी आजी भूत उतरवत नव्हती. तिला नातवाचं पोट उडताना दिसत होतं आणि नाल्याला पूर होता.

आमच्याकडे म्हण आहे : दुखणं हल्याला, डाग पखालीला. हल्या म्हणजे रेडा. त्याच्या पाठीवर पाण्याची चामड्याची पखाल असायची. आजारी पडला रेडा, आणि डाग दिला कोणाला, तर पाठीवरच्या पखालीला. लहानपणापासून ऐकतोय, पण त्या दिवशी ओसरीवर बसून पहिल्यांदा नीट कळली. बाळाचं पोट 'उडतं' ते बहुतेक वेळा पोटाच्या रोगाने नाही. छातीत कफ भरलेला असतो, न्यूमोनिया असतो, बाळ श्वासासाठी धडपडतं आणि ती धडपड पोटावर दिसते. दुखणं छातीत, डाग पोटाला. आणि साध्या गॅसने फुगलेलं पोट तर तसंही एक-दोन दिवसांत उतरतं, मग नाव डंब्याचं होतं. ज्यांचं उतरलं ते गावभर फिरतात, माझ्यासारखे. ज्यांचं नाही उतरलं ते साक्ष द्यायला येत नाहीत.

मग आम्ही काय करतो? गुन्हा दाखल करतो म्हातारीवर. शिबिर घेतो प्रबोधनाचं. पथनाट्य, रॅली, फोटो. आणि त्या म्हातारीच्या पाड्यापासून डॉक्टर किती लांब आहे, तो रात्री तिथे राहतो का, गाडीत डिझेल आहे का, पावसाळ्यात रस्ता उरतो का, मोबाईलला रेंज आहे का, या प्रश्नांना कोणी हात लावत नाही. हीसुद्धा पखालच. मी स्वतः तिला डाग देणाऱ्यांपैकी एक.

दुसरा रस्ता नाही असं नाही. तो विदर्भातच सापडलाय, आपल्या नाकासमोर. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्याच आरोग्यदूतांना आणि दायांना बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. लिहिता-वाचता न येणाऱ्या दाईसाठी मणी सरकवून मोजायचं साधन केलं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास झाले, तर धोका. दोन महिने ते वर्षभराच्या बाळाचे पन्नास. मोठ्या मुलाला गावातच औषध, तान्ह्याला जास्त जपायचं. 1990 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्याचा अहवाल आला. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू शेजारच्या भागात हजारी 17.5 होते, काम झालेल्या भागात 8.1. निम्म्याहून कमी. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाते, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या, त्या योजनेची मुळं गडचिरोलीतल्याच पुढच्या कामात आहेत. मेळघाटातही काही डॉक्टर तीस-तीस वर्षं खपतायत, भूमक्याला शिव्या न देता त्याच्याशी बसून बोलतायत. भूमक्यावर गावाचा विश्वास आहे, कारण तो रात्री दोनला उठून येतो. तोच जर म्हणाला, 'बाई, याचे श्वास जास्त हायेत, गाडी बोलाव,' तर?

यात मजा काय, तर हे काम फ्लेक्सवर छापता येत नाही. ते साठपर्यंत मोजण्याचं काम आहे.

मोक्साकडे परत येतो, कारण तिथूनच निघालो होतो. चीन म्हटलं की आपल्याला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. 1938 मध्ये ते गेले, 1942 मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले बंगालचे डॉ. बिजय बसू परत आले, पन्नाशीच्या दशकात पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात त्यांनी ते सुरू केलं. एका शिकलेल्या डॉक्टरने, रीतसर शिकून, विचार करून आणलेली गोष्ट होती ती. आमच्या मंगल कार्यालयापर्यंत येता येता तिचा फ्लेक्स झाला. तिथल्या त्या मुलीवर माझा राग नाही. तिला शिबिरामागे पाचशे रुपये मिळतात, तिने स्वतःच सांगितलं. तिला कोणी सांगितलंच नव्हतं की साखर विचारायची असते, की दम्याच्या माणसाला त्या धुरात बसवू नये.

पण एक विचार डोक्यातून जात नाही. शहरात एसी हॉलमध्ये, चिनी नावाने, गुडघ्यावर निखारा धरला की ती 'थेरपी'. फी दोनशे, मोठ्या शहरात हजार-दीड हजार. घाटावर झोपडीत विळा तापवला की 'अघोरी'. दोन्ही सारखे आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. एकात ऊब आहे, दुसऱ्यात लेकरू जळतं. पण पहिल्या ठिकाणी कोणी नोंदणी विचारायला येत नाही आणि दुसऱ्या ठिकाणी थेट पोलीस येतात. या फरकाशी आगीचा संबंध कमी आहे.

आई विचारत होती, पुढच्या रविवारी जायचं का. मी म्हटलं, रुईचं पान आहे की परसात. म्हणाली, "पान हाये, पन तो पोरीचा हात बरा वाटते." यावर माझ्याकडे उत्तर नाही. शेजारी दहा मिनिटं बसून गुडघ्याला हात लावणारं कोणी असेल, तर सत्तरीतल्या बाईला दोनशे रुपये महाग वाटत नाहीत. डॉक्टरांकडे शेवटचे गेलो तेव्हा सव्वातीन मिनिटं मिळाली होती, मी घड्याळ बघितलं होतं. जाऊ बहुतेक. साखरेचं मी आधीच सांगून ठेवीन.

आता एक काम तुमच्याकडे. आमच्या तालुक्यातले, शेजारच्या तालुक्यांतले, चाळिशीच्या पुढचे जे कोणी हे वाचतायत त्यांनी आज आपल्या पोटावर बघा. फक्त कोरकूंनी नाही, सगळ्यांनी. पाटील, देशमुख, माळी, तेली, बामण, मुसलमान, सगळ्यांनी. खूण असेल तर घरात म्हातारं माणूस उरलं असेल तोवर त्याला विचारा : काय झालं होतं, कोणी दिला, त्या रात्री दवाखाना किती लांब होता आणि का जाता आलं नाही. मला इनबॉक्समध्ये लिहा. नाव छापणार नाही, गाव छापणार नाही, फोटो तर नाहीच.

माझं मी वर लिहिलंय. चार डाग, नाल्याला पूर, अंतर दीड किलोमीटर.